‘बी जीज फर्स्ट’: पहिल्या म्हणवल्या गेलेल्या एलपीमागची दहा वर्षे

लंडनमध्ये १४ जुलै १९६७ रोजी एक एलपी प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘बी जीज फर्स्ट’ असे होते, पण ती पहिली नव्हती. ‘बी जीज’ या संचातल्या बॅरी, रॉबिन आणि मॉरिस या गिब बंधूंच्या नावावर ऑस्ट्रेलियात तोवर दोन एलपी निघाल्या होत्या, एक १९६५ मध्ये आणि दुसरी १९६६ मध्ये. त्या ऑस्ट्रेलियाबाहेर फारशा पोहोचल्या नव्हत्या, म्हणून ब्रिटन आणि अमेरिकेतल्या श्रोत्यांसमोर येताना मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. या एलपीकडे पाहताना ही जुनी मोजणी विसरून चालत नाही. १९६७च्या उन्हाळ्यातल्या सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या आभासांसारखा अनुभव देऊ पाहणाऱ्या, संगीताची बहुतेक लक्षणे तिच्यात सापडतात हे खरे, परंतु तिचा गाभा आहे ती तीन भावांच्या आवाजांची हार्मनी, आणि ती त्या उन्हाळ्यात जन्माला आलेली नव्हती.

तिघांचाही जन्म इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या आइल ऑफ मॅन या बेटावरचा. बॅरी १९४६चा, रॉबिन आणि मॉरिस ही जुळी भावंडे १९४९ची. वडील ह्यू गिब हे ड्रमवादक आणि वाद्यवृंदाचे संचालक होते, आणि मिल्स ब्रदर्स या अमेरिकन भावांच्या गायकसंचाच्या रेकॉर्ड घरात वाजत असत. १९५५मध्ये कुटुंब मँचेस्टरला आले. तिथे या मुलांनी ‘रॅटलस्नेक्स’ नावाचा एक छोटा संच काढला. सिनेमागृहात रेकॉर्ड लावून तिच्यावर नुसते ओठ हलवायचे ठरले होते, ऐन वेळी रेकॉर्ड फुटली आणि प्रत्यक्ष गावे लागले, अशी त्या काळातली एक आठवण भाऊ पुढे नेहमी सांगत. १९५८मध्ये कुटुंबाने ऑस्ट्रेलियाला स्थलांतर केले आणि क्वीन्सलँडमधल्या रेडक्लिफ इथे मुक्काम केला. तिथल्या मोटारशर्यतीच्या मैदानावर दोन शर्यतींच्या मधल्या वेळात ही मुले गात आणि प्रेक्षकांनी धावपट्टीवर फेकलेली नाणी वेचून घेत. आयोजक बिल गुड आणि रेडिओ निवेदक बिल गेट्स यांनी त्यांना तिथेच हेरले, आणि या दोघांच्या व बॅरीच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ‘बी जीज’ हे नाव रूढ झाले. १९६३पासून त्यांच्या रेकॉर्ड निघू लागल्या, पण यशाने मात्र तीन वर्षे वाट पाहायला लावली. १९६६मध्ये सिडनीजवळच्या हर्स्टव्हिल इथल्या एका लहानशा स्टुडिओत ऑसी बर्न यांनी ध्वनिमुद्रित केलेले ‘स्पिक्स अँड स्पेक्स’ गाजले, तोवर कुटुंबाचा इंग्लंडला परतण्याचा निर्णय पक्का झाला होता.

हार्मनी म्हणजे नेमके काय, हे आपल्या रागसंगीतावर वाढलेल्या कानाला थोडे उलगडून सांगावे लागते. आपल्याकडे स्वर एकामागून एक येतात आणि त्यांच्या मागे तानपुऱ्याचा षड्ज अखंड असतो. पाश्चात्त्य हार्मनीत एकाने षड्ज धरला की दुसरा त्याच क्षणी गांधारावर आणि तिसरा पंचमावर उभा राहतो, आणि चाल पुढे सरकली की तिघेही आपापले अंतर सांभाळत तिच्याबरोबर सरकतात. गोव्याचे मांडो ज्यांनी दोन आवाजांत ऐकले आहेत त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. गिब बंधूंच्या बाबतीत महत्त्वाचे असे की तिघांचे उच्चार एकाच घरातले होते, श्वास घेण्याच्या जागा लहानपणापासून जुळलेल्या होत्या, तरी आवाजांचा पोत मात्र निरनिराळा होता. बॅरीचा आवाज मऊ, श्वास मिसळलेला. रॉबिनचा टोकदार, सतत कापणारा, ऐकताना आता रडू फुटेल असे वाटायला लावणारा. मॉरिस बहुधा खाली किंवा वर, जिथे जागा रिकामी असेल तिथे जाऊन बसे, आणि त्यामुळे त्याचा आवाज वेगळा ओळखू येत नसे, पण तो काढून घेतला तर सगळा डोलारा पोकळ वाटला असता. माझ्या मते या संचात सर्वात कमी कौतुक मॉरिसच्या वाट्याला आले, आणि ते अन्यायाचे आहे.

जानेवारी १९६७मध्ये हे कुटुंब ‘फेअरस्काय’ या जहाजाने इंग्लंडकडे निघाले. वडिलांनी आधीच ध्वनिफिती बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांच्या कंपनीकडे पाठवल्या होत्या. त्या तिथे रुजू झालेल्या रॉबर्ट स्टिगवुड यांच्या हाती आल्या. त्यांनी भावांचे गाणे प्रत्यक्ष ऐकले आणि फेब्रुवारी अखेरीस पाच वर्षांचा करार केला. ड्रमवर कॉलिन पीटरसन आणि गिटारवर व्हिन्स मेलोनी हे दोन ऑस्ट्रेलियन सोबती आले. मार्चमध्ये पोर्टलँड प्लेसवरच्या आयबीसी स्टुडिओत काम सुरू झाले तेव्हा बॅरी वीस वर्षांचा होता आणि जुळे भाऊ सतरा.

इथे तारखांकडे बारकाईने पाहायला हवे. ही एलपी म्हणजे बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ची नक्कल, असे सरसकट म्हटले जाते. ध्वनिमुद्रण मार्च-एप्रिलमध्ये झाले आणि ‘सार्जंट पेपर’ बाजारात आली १ जूनला, त्यामुळे हे म्हणणे टिकत नाही. बीटल्सचा प्रभाव नाही असे अर्थातच नाही. तो आहे, पण तो १९६६च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या त्यांच्या एलपीचा आणि फेब्रुवारी १९६७मध्ये आलेल्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ या गाण्याचा. ‘रिव्हॉल्व्हर’चे मुखपृष्ठ रेखाटणारे क्लाउस फोरमान यांनीच ‘बी जीज फर्स्ट’चेही मुखपृष्ठ केले, म्हणजे नाते उघड होते आणि ते कोणी लपवलेही नव्हते.

एलपीच्या आधी स्वतंत्रपणे पहिले गाणे आले ते ‘न्यूयॉर्क मायनिंग डिझास्टर १९४१’. वेल्समधल्या अ‍ॅबरफान इथे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळशाच्या खाणीतल्या मातीचा ढिगारा घसरून शाळेवर आला आणि १४४ माणसे मरण पावली, त्यांपैकी ११६ मुले होती. त्या दुर्घटनेचे सावट या गाण्यावर आहे. रेकॉर्ड कंपनीच्या इमारतीत अंधाऱ्या जिन्यावर बसून ते रचले गेले, आणि जिन्यातल्या घुमणाऱ्या आवाजामुळे आपण खाणीतच आहोत असे वाटले, असे भावांनी सांगितले आहे. खाणीत अडकलेला एक माणूस शेजारच्याला बायकोचा फोटो दाखवतो, एवढेच गाण्यात घडते. शीर्षकातले शब्द गाण्यात कुठेही येत नाहीत. गिटारच्या मोजक्या साथीवर आवाज एकमेकांना इतके चिकटून चालतात की अरुंद जागेत दाटीवाटीने बसलेली माणसे डोळ्यांपुढे यावीत. इथे हार्मनी शोभेसाठी आलेली नाही, ती प्रसंगच उभा करते. हे गाणे ब्रिटनमध्ये बाराव्या आणि अमेरिकेत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेले, आणि हे टोपणनावाने गाणारे बीटल्सच असावेत अशी कुजबुजही झाली.

सायकेडेलिक वळण सर्वात ठळक दिसते ते ‘एव्हरी ख्रिश्चन लायन हार्टेड मॅन विल शो यू’ या गाण्यात. सुरुवातीला मेलोट्रॉन या पट्ट्यांच्या वाद्याचा दाट, किंचित डगमगता सूर येतो. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीमागे खऱ्या वाद्यांचा आवाज टिपलेल्या चुंबकीय फितीचा सुमारे आठ सेकंदांचा तुकडा असतो, आणि फीत यंत्राने ओढली जात असल्यामुळे तिचा सूर पूर्ण स्थिर राहत नाही. त्या सुरावर खर्जात, चर्चमधल्या जुन्या पठणासारखे लॅटिन वळणाचे शब्द येतात, ते थांबतात, आणि ड्रमसह रॉक गाणे एकदम उसळते. पुन्हा पठण, पुन्हा उसळी. त्या काळातले इतर संच गुंगीचा आभास गिटारच्या विकृत केलेल्या आवाजांतून किंवा उलट्या फिरवलेल्या फितींतून निर्माण करत होते, तर इथे ते काम मुख्यतः मानवी कंठांकडे सोपवलेले आहे.

बाकीच्या बारा गाण्यांवर स्वतंत्र लिहिण्याची गरज नाही. ‘टर्न ऑफ द सेंच्युरी’मधली गेल्या काळाची ओढ ब्रिटिश सायकेडेलिक संगीताचे खास लक्षण आहे. ‘क्रेज फिंटन कर्क’ जवळजवळ मॉरिसच्या पियानोवर पेलले जाते. ‘हॉलिडे’त बिल शेपर्ड यांनी बांधलेल्या तंतुवाद्यांवर बॅरी आणि रॉबिन यांचे आवाज आलटून पालटून येतात. शेपर्ड या भावांना ऑस्ट्रेलियापासून ओळखत होते, त्यामुळे कोणत्या आवाजाखाली किती वाद्ये ठेवायची याचा त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही, असे ऐकताना जाणवते. ‘टू लव्ह समबडी’ हे मुळात अमेरिकन गायक ओटिस रेडिंग यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले होते. रेडिंग यांचा डिसेंबर १९६७मध्ये विमान अपघातात मृत्यू झाला आणि ते गाणे त्यांच्या आवाजात यायचे राहून गेले. ब्रिटनमध्ये तेव्हा ते एक्केचाळिसाव्या क्रमांकाच्या वर गेले नाही. दीडएक वर्षाने नीना सिमोन यांनी गायले तेव्हा तेच गाणे तिथे पहिल्या पाचांत पोहोचले.

एलपी ब्रिटनमध्ये आठव्या आणि अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत चढली. पुढे १९७७च्या डिस्कोच्या लाटेत बॅरीचा पातळ, तार सप्तकातला आवाज जगभर पोहोचला आणि आज बी जीज म्हटले की बहुतेकांना तोच आठवतो. ‘बी जीज फर्स्ट’वर तो आवाज कुठेही नाही. २००६मध्ये ही एलपी मोनो आणि स्टिरिओ अशा दोन्ही रूपांत पुन्हा काढण्यात आली. ज्यांना शक्य असेल त्यांनी ‘न्यूयॉर्क मायनिंग डिझास्टर १९४१’ दोन्हींत लागोपाठ ऐकावे, आणि मॉरिस कोणत्या ओळीला खाली उतरतो तिकडे कान लावावा.