फाइल कुठे अडली, हे विचारण्याचा हक्क कुठून आला

आमदाराला निवडणुकीत घरी बसवता येतं. सातबाऱ्यावरचा फेरफार सहा महिने अडवून धरणाऱ्याला मात्र मतपेटीचा धाक नाही. त्याची नेमणूक परीक्षेतून झालेली, बडतर्फीपासून घटनेच्या ३११व्या कलमाचं संरक्षण आणि बदलीची दोरी वर कुणाच्या तरी हातात. मग अर्जदार आमदाराच्या दारात जातो, आमदार ‘साहेबां’ना फोन लावतो, काम होतं आणि मतही पक्कं होतं. बरीच वर्षं आपल्याकडे प्रशासनाला जाब विचारण्याची रीत हीच होती. यात आमदाराची सोय उघड आहे, म्हणूनच ती मोडायची घाई कुठल्याच पक्षाला नव्हती.

पहिला औपचारिक प्रयत्न वरून आला. मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ साली लोकपाल-लोकायुक्तांची शिफारस केली. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२ मध्ये लोकायुक्त नेमला. देशात सगळ्यांत आधी. पण लोकायुक्ताने चौकशी करून शिफारस करायची आणि ती मानायची की नाही हे सरकारने ठरवायचं. १९८२च्या जानेवारीत अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, ते सिमेंटवाटप आणि त्यांच्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्यांचा संबंध जोडणाऱ्या उच्च न्यायालयाच्या निकालामुळे. लोकायुक्त कार्यालयाचा त्यात वाटा नव्हता.

खालून आलेला प्रयत्न राजस्थानातला. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४पासून गावोगाव जनसुनवाया घेतल्या. सरकारी कामांची बिलं आणि हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचायचे, एवढंच. ज्यांची नावं मजूर म्हणून लागली होती तेच समोर बसलेले. ‘मी त्या कामावर गेलोच नव्हतो’ असं कुणी म्हटलं की पुढचं काही सिद्ध करायची गरज उरत नसे. कागदाच्या नकला मागण्याचा हक्क हवा, ही मागणी तिथून पक्की झाली. तामिळनाडू आणि गोव्याने १९९७ मध्येच माहितीचे कायदे केले.

महाराष्ट्राचा २०००चा कायदा नावापुरता होता. अण्णा हजारेंनी आंदोलन लावून धरलं, २००२ मध्ये नवा कायदा आला, पण राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी तो रखडला. ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा आझाद मैदानात उपोषणाला बसले आणि मंजुरी आली. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी लागू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांना अर्ज कसा लिहायचा, अपील कुठे करायचं हे आधीच पाठ होतं. दहा रुपयांचं शुल्क, ३० दिवसांत उत्तर, नाही दिलं तर रोज २५० रुपये दंड, जास्तीत जास्त २५ हजार. आणि तो अधिकाऱ्याच्या खिशातून.

याच काळातला दुसरा कायदा कमी लोकांना ठाऊक आहे आणि माझ्या मते तो जास्त धाडसी होता. बदल्यांचं विनियमन आणि दिरंगाईला प्रतिबंध करणारा २००५चा राज्य कायदा, बोलीभाषेत ‘दप्तर दिरंगाई कायदा’, १ जुलै २००६पासून लागू झाला. एका अंगाने त्याने बदलीला तीन वर्षांच्या मुदतीचं कुंपण घातलं, म्हणजे अधिकाऱ्याला मंत्र्याच्या लहरीपासून थोडं सोडवलं. दुसऱ्या अंगाने दहाव्या कलमात सांगितलं, की कोणतीही फाइल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहता कामा नये. तातडीची शक्यतो चार दिवसांत, अति तातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, असेल तर तीन महिन्यांत.

आता दिरंगाई केली तर शिक्षा कोणी करायची? सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे वरच्या साहेबाने. फाइल बहुधा त्याच्याही टेबलावर काही दिवस पडून गेलेली असते. कायदा तिथेच लंगडा पडला. लोकांनी मग दोन कायद्यांची सांगड घातली. माहिती अधिकाराच्या अर्जात विचारायचं: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली? फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस होती? त्या कर्मचाऱ्याचं नाव, हुद्दा काय? आवक क्रमांकाची पोच जोडलेली असली, की उत्तर यायच्या आधी मूळ काम झाल्याचा निरोप येतो, असा अनेकांचा अनुभव.

२०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदती बांधल्या, दंड आणि आयोगही दिला. दाखले मिळणं सुधारलं, हे मान्य करायला हवं. पण अधिसूचित नसलेली सेवा त्याच्या कक्षेत येत नाही.

निवडून आलेल्यांचं काय? थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचावर अविश्वास ठराव आला तर तो ग्रामसभेतल्या गुप्त मतदानाने पक्का व्हायला हवा, अशी तरतूद झाली. थेट निवडच २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परतली. शहरांत उलटंच झालं. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांच्या मुदती संपल्या, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकांचा आदेश दिला, तोवर मतदारासमोर पाडायला नगरसेवकच नव्हता. हाती होता तो माहितीचा अर्ज.

आणि त्या अर्जाचीच धार कमी होते आहे. २०१९च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवणं केंद्राच्या हातात गेलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३च्या कायद्याने माहिती अधिकारातल्या कलम ८(१)(ञ)ची जागा एका ओळीने घेतली: वैयक्तिक माहिती नाकारता येईल. जुन्या कलमाला एक परंतुक होतं. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. नव्या ओळीत ते नाही. व्यापक जनहित दाखवून माहिती मागण्याची वाट कलम ८(२)मध्ये अजून आहे, मात्र ते जनहित पटवून देण्याचं ओझं आता अर्जदारावर आहे.