पासवर्ड रीसेट ईमेलमधील सुरक्षा त्रुटी

पासवर्ड विसरलेल्या वापरकर्त्याला संकेतस्थळ त्याच्या नोंदलेल्या ईमेलवर एक दुवा पाठवते. दुव्यात लांबलचक गुप्त टोकन असते आणि ते ज्याच्या हाती पडेल त्याला खात्याचा पासवर्ड बदलता येतो. म्हणजे हा दुवा तात्पुरता पासवर्डच. तरीही लॉगिनच्या पानाला दिंडीदरवाजासारखी कुलपे आणि या परसदाराला नुसती कडी, असे चित्र बऱ्याचदा दिसते.

सर्वांत फसवा प्रकार 'होस्ट' हेडरचा. हेडर म्हणजे विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ. आपल्याला कोणत्या साइटशी बोलायचे आहे ते नाव ब्राउझर या हेडरमधून सर्व्हरला कळवतो. अनेक ॲप्लिकेशन ईमेलमधला दुवा तयार करताना हेच नाव उचलतात. पण हेडरमध्ये काय लिहायचे ते पाठवणाऱ्याच्या हातात असते. हल्लेखोर दुसऱ्याच्या ईमेलसाठी रीसेटची मागणी करतो आणि हेडरमध्ये स्वतःचे डोमेन घालतो. मेल खऱ्या सर्व्हरवरून, खऱ्या मजकुरासह येतो, फक्त दुवा परक्या डोमेनचा असतो. क्लिक होताच टोकन हल्लेखोराच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) जमा. पाठवणाऱ्याचा पत्ता तपासण्याची सवय इथे कामाला येत नाही, कारण तो पत्ता खराच असतो. कधी तर माणसाने क्लिक करण्याचीही गरज उरत नाही. येणारे मेल तपासणारे सॉफ्टवेअर स्वतःच दुवा उघडून बघते. पायथन भाषेत संकेतस्थळे बांधण्याच्या जँगो या फ्रेमवर्कने होस्ट हेडरची अशी त्रुटी 2012 मध्ये दुरुस्त केली आणि 2013 च्या 1.5 आवृत्तीपासून प्रत्यक्ष वापरातल्या साइटसाठी मान्य होस्टनावांची यादी देणे बंधनकारक केले. 2017 मध्ये वर्डप्रेसमध्ये याचा चुलतभाऊ सापडला: तिथे हेडरमुळे दुवा नव्हे, तर मेल पाठवणाऱ्याचा पत्ता बदलत असे. मेल पोहोचला नाही आणि उलट टपाली परतला, तर तो हल्लेखोराकडे जाऊ शकत होता.

मेल कोणत्या पत्त्यावर जातो, ही दुसरी कच्ची जागा. डिसेंबर 2019 मध्ये जँगोतच उघड झालेली त्रुटी मजेशीर होती. तुर्की वर्णमालेतला टिंब नसलेला 'आय' (ı) मोठ्या अक्षरात नेला की साधा इंग्रजी 'आय' होतो. त्यामुळे असे अक्षर असलेला भलताच पत्ता खऱ्या खात्याशी जुळायचा आणि मेल मात्र टाइप केलेल्या पत्त्यावर जायचा. उपाय सरळ होता: मेल नेहमी डेटाबेसमध्ये नोंदलेल्या पत्त्यावरच पाठवायचा. प्रोग्रामचा कोड साठवण्याच्या गिटलॅब या सेवेत जानेवारी 2024 मध्ये दुरुस्त झालेल्या त्रुटीत (त्रुटींच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक सीव्हीई-2023-7028) तर अशा अक्षरांचीही करामत लागत नव्हती. विनंतीत एकाऐवजी दोन पत्ते दिले की रीसेटचा मेल दोन्हीकडे जायचा. गिटलॅबने तिला तीव्रतेचे 10 पैकी 10 गुण दिले. द्विस्तरीय पडताळणी चालू असलेल्यांचा पासवर्ड बदलता येत होता, पण खाते बळकावता येत नव्हते.

टोकनचे स्वतःचेही दोष असतात: घड्याळाच्या वेळेवरून अंदाज बांधता येणे, मुदत नसणे, एकदा वापरल्यावरही चालू राहणे. रीसेटच्या पानावर जाहिरातींच्या किंवा विश्लेषणाच्या स्क्रिप्ट असतील, तर विनंती कोणत्या पानावरून आली ते सांगणाऱ्या 'रेफरर' हेडरमधून, जुन्या ब्राउझरमध्ये किंवा साइटच्या ढिल्या सेटिंगमुळे, पानाच्या पत्त्यातले टोकन त्रयस्थाकडे झिरपू शकते. त्यामानाने जुनी, पण अजून आढळणारी चूक म्हणजे 'हा ईमेल आमच्याकडे नोंदलेला नाही' हा संदेश. त्यावरून कोणाचे खाते आहे आणि कोणाचे नाही, हे कोणालाही चाचपता येते. काही साइट रीसेटच्या पानावर हे कटाक्षाने लपवतात आणि नोंदणीच्या पानावर 'हा ईमेल आधीच वापरात आहे' असे सांगून मोकळ्या होतात.