रेझिनचे घरगुती फासे

घरी सिलिकॉनचा साचा बनवून त्यात इपॉक्सी रेझिन ओतून तयार केलेले बहुपैलू फासे. ही हस्तकला टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांच्या (टेबलाभोवती बसून, आपापलं पात्र घेऊन खेळायचे खेळ), त्यातही डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळाडूंमध्ये वाढली आणि साधारण २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जास्त दिसायला लागली. पूर्ण सेट सात फाशांचा असतो, चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा प्रत्येकी एक आणि दहा बाजूंचे दोन, त्यातल्या एकावर दहाच्या पटीतले आकडे, म्हणजे दोन्ही एकत्र टाकले की १ ते १०० मधला आकडा मिळतो. खेळाडू त्यांना डी४, डी६, डी२० असंच म्हणतात.

वीस बाजूंचा फासा मुळात कधी आणि कशासाठी आला, हा वादाचा विषय आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये इजिप्तमधला सर्पेंटाइन दगडाचा एक फासा आहे, बाजूंवर ग्रीक अक्षरं कोरलेली, आणि त्याचा काळ इ.स.पू. दुसरं शतक ते इ.स. चौथं शतक असा बराच सैल दिला जातो. ग्रीक अक्षरं आकडे म्हणूनही वापरली जायची, त्यामुळे नुसती अक्षरं बघून हा खेळातला फासा की शकुन बघायचा, हे ठरवता येत नाही. इजिप्तमधल्याच डाखला मरूद्यानात सापडलेल्या अशाच एका फाशावर मात्र डेमोटिक या प्राचीन इजिप्शियन लिपीत देवतांची नावं आहेत, तिथे शकुनाचं मत जास्त पटतं. पण त्या एकावरून सगळेच वीस-बाजूंचे फासे देवळातले ठरवणं घाईचं होईल, कारण रोमन काळातले काचेचे नमुनेही मिळालेत आणि त्यातल्या एकावर (तो २००३ मध्ये लिलावात विकला गेला) नुसत्या खुणा आहेत ज्यांचा अर्थ अजून लागलेला नाही. चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे हे पाचही आकार प्लेटोच्या नावाने ओळखले जातात, सगळ्या बाजू सारख्या आणि सगळे कोपरेही सारखे. दहा बाजूंचा त्यात बसत नाही. त्याचा पतंगासारख्या बाजूंचा आकार १९०६ च्या एका अमेरिकन पेटंटमध्ये दिसतो, पण खेळाडूंच्या हातात तो साधारण १९८० च्या सुमाराला आला. तोवर दहाचं काम ० ते ९ दोनदा छापलेला वीस-बाजूंचा फासाच करायचा.

आधुनिक खेळात हे फासे पहिल्यांदा कोणी आणले यावरही दावे-प्रतिदावे आहेत. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला, पण त्याआधीच युद्धखेळ खेळणाऱ्या काही गटांकडे वीस-बाजूंचे फासे होते. जपानमध्ये ते संख्याशास्त्रासाठी यादृच्छिक आकडे काढायला बनत आणि कॅलिफोर्नियाची एक शैक्षणिक साहित्याची कंपनी पाचही आकारांचा सेट शाळांसाठी विकायची. वस्तू अशी उघड मिळत असताना वेगवेगळ्या गटांना ती आपापली सापडली असावी, एकाच माणसाला श्रेय देण्यापेक्षा हेच जास्त संभवतं. त्या सुरुवातीच्या फाशांचं प्लास्टिक मऊ होतं, कडा लवकर झिजायच्या आणि कोरलेल्या आकड्यांत रंगच नसायचा, तो खेळाडूंनी मेणाच्या खडूने घासून भरायचा. फाशावर घरी हात चालवायची सवय तिथूनच लागली असं म्हणायला हरकत नाही. पुढे लू झोकी या अमेरिकन फासे-विक्रेत्यांनी तीक्ष्ण कडांचे फासे बाजारात आणले. त्यांचा मुद्दा असा की कारखान्यात फासे ड्रममध्ये घोळवून गुळगुळीत करतात तेव्हा कडा सारख्या झिजत नाहीत. आजच्या घरगुती फाशाला लोक ज्या धारदार कडेवरून ओळखतात तिच्यामागे हाच जुना वाद आहे.

आता प्रत्यक्ष ओतकाम. आधी मास्टर लागतो, म्हणजे मूळ फासा, बहुतेक वेळा रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर काढलेला आणि आरशासारखा पॉलिश केलेला, कारण त्यावरचा ओरखडा प्रत्येक प्रतीवर उतरतो. त्यावर प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारं) सिलिकॉन ओततात. हे सिलिकॉन फार नखरेल, जवळपास गंधक असेल किंवा प्रिंट नीट क्युअर, म्हणजे पूर्ण कडक, झालेली नसेल तर ते मास्टरला लागून चिकटच राहतं. साचे दोन-तीन प्रकारचे असले तरी सगळ्यात जास्त चालतो तो झाकणाचा साचा, यात एक बाजू सोडून अख्खा फासा खालच्या भागात आणि ती एक बाजू झाकणात. रेझिन किंचित जास्त भरून झाकण तिरकं टेकवत बसवायचं म्हणजे हवा बाहेर जाते. पण झाकण केसभर जरी वर राहिलं तरी ती बाजू उंच येते, मग ती घासावी लागते, जास्त घासली की आकडा उथळ होतो आणि फासा एका अंगाला चपटा. फाशाचं बरं-वाईट बहुतांशी या एका बाजूवर ठरतं.

बुडबुड्यांसाठी प्रेशर पॉट, म्हणजे आत हवेचा दाब भरायचं बंद भांडं, वापरतात, साधारण ४० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबावर. दाबाने बुडबुडा निघून जात नाही, फक्त इतका बारीक होतो की डोळ्याला दिसत नाही, म्हणून रेझिन घट्ट होईपर्यंत दाब सोडायचा नाही. साचाही दाबाखालीच बनवलेला हवा, नाहीतर सिलिकॉनमध्ये अडकलेले बुडबुडे दाबाने आकसतात आणि फाशावर पुटकुळ्या येतात. इपॉक्सीचं मिश्रण डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, अंदाजाने हार्डनर (रेझिन घट्ट करणारा दुसरा घटक) वाढवला तर लवकर घट्ट होत नाही, उलट कायमचं मऊ राहतं. साच्यातून काढायला साधारण २४ तास, पूर्ण कडक व्हायला त्याहून बरेच. यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशाने घट्ट होणारं) मिनिटांत होतं पण गडद रंगात प्रकाश आतपर्यंत पोचत नाही.

रंगाला मायका (अभ्रक) पावडर, अल्कोहोल इंक (अल्कोहोलमध्ये विरघळवलेली शाई), सोनेरी वर्ख असं काहीही चालतं. फुलं घालायची तर पूर्ण वाळवलेली, ओलावा राहिला की तपकिरी पडतात. अल्कोहोल इंकमधला पांढरा रंग जड असतो, रंगीत थेंबावर टाकला की त्याला खाली ओढत नेतो आणि आत धाग्यांसारख्या रेषा उतरतात; हा परिणाम एकदा हातात घेऊन उजेडासमोर धरून बघावा, फोटोत तो अर्धाही येत नाही.

घासकाम सपाट काचेवर कागद ठेवून, पाण्याने, ३० मायक्रॉन कणांच्या पॉलिश कागदापासून १ मायक्रॉनपर्यंत उतरत. शेवटी आकड्यांत अ‍ॅक्रिलिक रंग भरून पृष्ठभाग पुसतात.

फासा समतोल आहे का हे बघायला मिठाच्या दाट पाण्यात तरंगवून सारखा एकच आकडा वर येतो का ते पाहतात. यातून आतला बुडबुडा किंवा जड वर्ख कळतो, पण बाजू वाकडी घासली गेली असेल तर कळत नाही, आणि घरगुती फाशात दोष बहुधा तिथेच असतो. कॅलिपरने समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर मोजणं त्यापेक्षा भरवशाचं. आकड्यांची मांडणीही बघावी, डी२० वर समोरासमोरचे आकडे मिळून २१ येतात. पत्त्यांच्या खेळात गुण मोजायला वापरतात त्या फाशावर आकडे ओळीने शेजारी-शेजारी असतात, त्याचा मास्टर करू नये.

कच्च्या इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा झाली की सहसा जात नाही, म्हणून नायट्राइलचे हातमोजे आणि वाफेसाठीचा मास्क प्रत्येक वेळी, आणि घासणं ओलंच. लाकूड आणि धातूचे फासेही घरी बनतात, पण ते वेगळं काम.