सापडलं कुठे आणि सांगितलंय कोणी

पुण्यात पाटी लावल्याशिवाय कुणी ऐकत नाही म्हणतात. म्हणून प्रोजेक्ट सबमिशनच्या दिवसांत माझ्या टेबलावर एक लावायची फार इच्छा होते : ‘स्रोत : गूगल’ असे लिहिलेला अहवाल तपासला जाणार नाही. कारण विचारू नये. पाटीवर जागा नसते, म्हणून कारण इथे सांगते.

नेटवर शोधायचं कसं, हे तुम्हाला पक्कं येतं. शब्द अवतरणचिन्हांत टाकले की तेच वाक्य सापडतं, शोध सरकारी संकेतस्थळांपुरता आवळता येतो, नुसत्या पीडीएफ मागवता येतात. झालं. यात कुणी अडत नाही. गाडी अडते ती पुढे, सापडलेली गोष्ट कुणाची म्हणून नोंदवायची तिथे. गूगल, गूगल स्कॉलर, प्रबंधांचं भांडार असलेलं शोधगंगा, जुनी पुस्तकं ठेवणारं इंटरनेट आर्काइव्ह, ही सगळी वस्तू सापडण्याची ठिकाणं. स्रोत म्हणजे ज्यानं मोजलं, पाहिलं, तपासलं किंवा मत मांडलं तो, आणि त्याचं ते लिखाण. आंबे कुठले विचारल्यावर ‘पिशवीतले’ असं उत्तर कुणी देत नाही. प्रोजेक्टमध्ये मात्र पानोपानी तेच असतं.

‘मॅडम, माहिती बरोबर असल्याशी मतलब ना?’ असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. तर बरोबर माहितीचंच उदाहरण घेऊ. पर्यावरणाचा प्रोजेक्ट, विषय अर्थातच पाणीपुरवठा (नाहीतर मुळा-मुठेचं प्रदूषण, तिसरा विषय पुण्यात अजून निघालेला नाही). पहिल्याच पानावर वाक्य : पुण्याची लोकसंख्या सुमारे ५० लाख आहे, स्रोत गूगल. आकडा खोटा नाही. २०११ च्या जनगणनेत पुणे नागरी समूहाची लोकसंख्या साडेपन्नास लाखांच्या आसपास होती. पण त्या समूहात पिंपरी-चिंचवड आलं, पुणे, खडकी आणि देहूरोडची कॅन्टोन्मेंट आली. त्याच जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या थोडी वर आहे आणि पुणे जिल्ह्याची ९४ लाखांच्या वर. तिन्ही आकडे ‘पुण्याचे’, तिन्ही खरे.

आता हा विद्यार्थी पुढच्या पानावर पुणे महापालिका पुरवते ते पाणी घेतो आणि त्याला ५० लाखांनी भागतो. माणशी पाणी ३८ टक्क्यांनी कमी भरतं. मग टंचाईवर दोन पानं, उपाययोजनांवर तीन, मागे स्पायरल बाइंडिंग. चूक भागाकारात नाही. आकडा ज्या तक्त्यातून आला तो तक्ता उघडला असता, तर वरच लिहिलेलं दिसलं असतं की हा नागरी समूह आहे, महापालिका नव्हे. गूगलच्या चौकटीत आकडा येतो, तक्त्याचं शीर्षक येतंच असं नाही. जनगणनेची जिल्हा पुस्तिका नेटवर फुकट उघडते, आणि स्रोत म्हणून तिचंच नाव लिहायचं. बरं, २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे ‘पुण्याची सध्याची लोकसंख्या’ म्हणून जे काही दिसतं तो अंदाज असतो. अंदाज कुणी केला, कोणत्या साली, कोणती हद्द धरून? २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं महापालिकेत आली, म्हणजे हद्दसुद्धा २०११ ची राहिलेली नाही. याचं उत्तर मिळत नसेल तर तो आकडा अहवालात घेऊ नका. थोडा जुना पण ठावठिकाणा असलेला आकडा मला केव्हाही चालतो.

याच घोळाचं दुसरं रूप जास्त फसवं आहे : ‘दहा साइटवर हेच दिलंय.’ पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराचं घ्या. १२ जुलै १९६१, या तारखेवर वाद नाही. मृतांच्या आकड्यावर या, की साइटगणिक फरक. आणि ज्या साइटवर आकडा जुळतो तिथे बहुतेक वेळा अख्खं वाक्यच जुळतं. तेच विशेषण, तोच क्रम, कधीकधी शुद्धलेखनाची चूकही तीच. दर जुलैत नवा लेख येतो, तो गेल्या जुलैच्या लेखावरून. हे दहा साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराच्या दहा झेरॉक्स आहेत, आणि मूळ साक्षीदार कोण ते एकाही झेरॉक्सवर नाही. ते वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा आणि सगळ्यात जुनं कुठे भेटतं ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते कुणी करत नाही, कारण दहा साइटचे पत्ते शेवटच्या पानावर भरगच्च दिसतात.

पानशेतचे खरे स्रोत म्हणजे जुलै १९६१ ची वर्तमानपत्रं, चौकशी आयोगाचा अहवाल आणि ज्यांनी पूर पाहिला ती माणसं. पण त्यातही सगळे स्रोत सगळ्या प्रश्नांना चालत नाहीत. आजीनं नारायण पेठेतल्या माळ्यावरून पाणी पाहिलं असेल, तर ते त्या वाड्यात पाणी कुठवर चढलं याचा उत्तम स्रोत आहे; धरण का फुटलं याचा अजिबात नाही. दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र त्या दिवशी लोकांना काय कळलं होतं ते सांगतं, अफवांसकट. म्हणून ‘ही साइट चांगली की वाईट’ असा कौल मागू नका, मी देत नाही. तुम्ही कोणतं विधान करताय ते आधी सांगा, मग त्याला कोण चालेल ते बोलू. बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारनं काढलेल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, पुण्यावरचा १८ वा खंड १८८५ साली निघाला. तेव्हाचे इंग्रज अधिकारी पुण्याकडे कसे बघत होते, याचा तो थेट स्रोत. शनिवारवाडा मात्र १८२८ साली जळाला; त्या आगीबद्दल हाच खंड ५७ वर्षांनंतरची ऐकीव किंवा वाचीव माहिती देणार. एकच पुस्तक, एका वाक्याला भक्कम, दुसऱ्याला लेचंपेचं.

विकिपीडियावर उगाच राग काढणाऱ्या प्राध्यापकांत मी नाही. सुरुवात तिथूनच करा. पानाखालच्या तळटिपा हाच तिथला खरा ऐवज असतो. मात्र तळटीप उघडायची, वाचायची, ते वाक्य तिथे आहे का बघायचं, आणि मगच तिचं नाव लिहायचं. ‘विकिपीडिया चालणार नाही’ असं ऐकल्यावर हुशार मुलं काय करतात, तर तळटिपा एक न उघडता जशाच्या तशा उचलून आपल्या रेफरन्सेसमध्ये चिकटवतात. हे मला ‘स्रोत : गूगल’पेक्षा जास्त खटकतं. गूगल लिहिणारा निदान खरं सांगतो. मूळ पुस्तक मिळालंच नाही, तर सरळ लिहा : अमक्याचं मत, तमक्याच्या लेखात उद्धृत. यात काही कमीपणा नाही, आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) घामही फुटत नाही.

चॅटबॉटचं तर तिसरंच. गूगल निदान कुठेतरी नेऊन सोडतं. चॅटबॉट लेखकाचं नाव, नियतकालिक, खंड, पान असं सगळं नीटनेटकं रचून देऊ शकतो आणि तसा लेख जगात कुठेच नसू शकतो. विषय समजून घ्यायला वापरा, कोणते शब्द टाकून शोधायचं ते विचारा, माझी हरकत नाही. पण त्यानं दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघितल्याशिवाय अहवालात येता कामा नये. ‘हा लेख दाखव’ एवढंच मी व्हायवात म्हणते.

संदर्भात आधी आडनाव की नाव, साल कंसात की शेवटी, स्वल्पविराम कुठे, यावर मुलं तासन्‌तास घालवतात. गाइड सांगेल ती पद्धत शेवटपर्यंत एकसारखी ठेवा आणि विषय संपवा. साइटचं पान मात्र उद्या बदलू शकतं, म्हणून पाहिल्याची तारीख लिहा आणि त्या पानाची प्रत वेबॅक मशीनवर (इंटरनेट आर्काइव्हची वेबपानं जपणारी सोय) साठवून ठेवा.

एक राहिलं. गॅझेटियरसारखी पुस्तकं नेटवर मिळतात, पण पुण्याबद्दलचं बरंच काही अजूनही कपाटांत आहे. विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, गोखले संस्थेचं ग्रंथालय, भारत इतिहास संशोधक मंडळ, सगळं शहरातच. ‘ऑनलाइन नाही का, मॅडम?’ नाही. जायचं, बसायचं, पेन्सिलीनं उतरवून घ्यायचं. बाहेरच्या विद्यार्थ्याकडे अशा ठिकाणी ओळखपत्र आणि कॉलेजचं पत्र मागू शकतात. तेव्हा पत्रावर गाइडची सही आधीच घेऊन ठेवा, आणि निघण्यापूर्वी वेळ फोन करून विचारा.