आवाज नेमका कुठे अडकतो?

ऑडिओ इंटरफेस म्हणजे मायक्रोफोन आणि संगणक यांच्यामधलं यंत्र. त्याचं काम मोजमापाचं. मायक्रोफोनकडून येणाऱ्या विजेतले चढउतार तो सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजतो आणि ते आकडे संगणकाकडे पाठवतो. यूएसबीवरून आवाज नेण्याचे नियम १९९८ मध्येच ठरले. ते पाळणाऱ्या इंटरफेसला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर कंपनीचा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवणारा प्रोग्रॅम, लागत नाही. कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, एकच ड्रायव्हर अशी सगळी यंत्रं चालवतो. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण कंपनीने हात वर केले तरी जुनं यंत्र चालत राहतं.

तरीही आवाज येईना, तर लगेच लिनक्स नव्याने टाकायला घेऊ नका. टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' (lsusb) ही यूएसबीला जोडलेल्या यंत्रांची यादी दाखवणारी कमांड द्या. यादीत इंटरफेस नसेल, तर केबल, पोर्ट किंवा पुरेशी वीज न देणारा हब तपासा. तिथे दिसतोय, पण 'एप्ले -एल' (aplay -l) या आवाजाच्या यंत्रांची यादी देणाऱ्या कमांडमध्ये नाही, तर अडचण ड्रायव्हरची किंवा फर्मवेअरची.

फर्मवेअर म्हणजे खुद्द यंत्राच्या चिपवर चालणारा प्रोग्रॅम. बहुतेक इंटरफेसमध्ये तो कायमचा साठवलेला असतो. टास्कॅम कंपनीच्या जुन्या यूएस-१२२ या इंटरफेसमध्ये मात्र तसं नाही. केबल काढली की त्याची मेमरी कोरी होते आणि पुन्हा जोडल्यावर संगणकानेच फर्मवेअर पाठवावं लागतं. म्हणून 'एलएसयूएसबी'मध्ये त्याचा क्रमांक आधी ८००६ दिसतो, फर्मवेअर पोहोचल्यावर ८००७. क्रमांक बदलला नाही, तर घोडं कुठे अडलंय ते तिथेच कळतं.

इंटेलच्या अनेक नव्या लॅपटॉपमधल्या अंगच्या साउंड चिपलाही 'साउंड ओपन फर्मवेअर' असंच बाहेरून द्यावं लागतं. ते नसलं, की सेटिंग्जमध्ये स्पीकरऐवजी 'डमी आउटपुट' दिसतं आणि स्पीकर बिघडला असं वाटू लागतं. अशा वेळी 'डीमेसेज' (dmesg) ही कमांड देऊन कर्नलच्या नोंदी वाचा. 'फर्मवेअर लोड फेल्ड' आणि पुढे उणे २ हा आकडा दिसला, तर त्याचा अर्थ एवढाच, की कर्नलने मागितलेली फाइल डिस्कवर सापडली नाही. फर्मवेअरचं पॅकेज टाकून संगणक पुन्हा सुरू केला, की बहुधा आवाज येतो. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराने १२व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, मुक्त नसलेलं (ज्याचा सोर्स कोड खुला नाही असं) फर्मवेअरही अधिकृत इन्स्टॉलरमध्ये द्यायला सुरुवात केली. फक्त मुक्त सॉफ्टवेअर देण्याच्या तत्त्वाला मुरड घालावी लागली, पण नवख्या माणसाचा विचार करता निर्णय योग्यच होता.

आवाज येतोय, पण कडकडतोय? मग ड्रायव्हर शाबूत आहे. संगणक आकडे वेळेवर पुरवू शकत नाही. पाइपवायर या लिनक्सवर आवाजाची ने-आण करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बफर, म्हणजे आकडे थोडा वेळ साठवण्याची जागा, वाढवा. ४८,००० च्या वेगाला २५६ नमुन्यांचा (मोजलेल्या आकड्यांचा) बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा उशीर, ५१२ चा म्हणजे १०.७. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये मागाहून येऊ लागला, तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग सुरू करा. त्यात आवाज संगणकापर्यंत न जाता थेट हेडफोनकडे वळतो.