ध्वनिमुद्रिकांची देवाणघेवाण (पुणे)

ध्वनिमुद्रिकांची देवाणघेवाण : गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मित्रमंडळींनी आपापल्या संग्रहातील तबकड्या एकमेकांना ऐकायला देण्याची, क्वचित कायमच्या बदलून घेण्याची आणि त्या निमित्ताने आजवर कानांवर न पडलेले संगीत समजून घेण्याची पुण्यातील रीत. तिला संस्था नाही, सभासदत्व नाही आणि लिखित नियमही नाहीत. सगळा व्यवहार घरगुती ओळखीवर आणि परस्परांच्या कानांवरील विश्वासावर चालतो. निव्वळ संग्राहकांच्या खरेदी-विक्रीहून ही रीत वेगळी आहे. संग्राहक तबकडीची दुर्मीळता आणि अवस्था पाहतो, तर वादक मित्र तबकडी हाती देताना तिच्यातील नेमकी कोणती जागा कान देऊन ऐकायची, हेही सांगतो. या सांगण्यामुळेच अनोळखी संगीताचे दार उघडते, आणि म्हणून ही रीत संगीतशिक्षणाचाच एक भाग मानणे योग्य ठरते.

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाला १९०२ मध्ये सुरुवात झाली. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग त्या वर्षी कोलकात्यात आले आणि त्यांनी गौहर जान यांच्यासह अनेक कलावंतांचे गायन मुद्रित केले. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकड्या लाखेच्या मिश्रणापासून बनवत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तासभर चालणारा ख्याल एवढ्या अवधीत बसवताना गायकाला रागाचे सार, बंदिशीचा मुखडा आणि दोन-चार नेमक्या ताना यांवर भर द्यावा लागे. या आटोपशीरपणामुळे त्या तबकड्या अभ्यासाला फार सोयीच्या ठरल्या, कारण तीन मिनिटांचे गाणे पुन्हापुन्हा ऐकून जसेच्या तसे डोक्यात बसवता येते.

पुण्याच्या दृष्टीने ध्वनिमुद्रिकेचे मोल एका अभावावरून चांगले कळते. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि आज त्यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. त्यांची गायकी कशी होती, हे शिष्यांच्या गाण्यावरून आणि आठवणींवरूनच ताडावे लागते. याउलट किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये निवर्तले, तरी त्यांचा स्वर त्यांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे पुढच्या पिढ्यांना प्रत्यक्ष ऐकायला मिळाला. लहानपणी गदगला असताना भीमसेन जोशी यांनी खाँसाहेबांची झिंझोटी रागातील ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकली आणि गाण्याच्या ओढीने घर सोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे ते खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकले, पुण्यात स्थायिक झाले आणि गुरूंच्या स्मृत्यर्थ १९५३ पासून त्यांनी येथे संगीत महोत्सव सुरू केला.

पूर्वी अनेक गुरू शिष्याला दुसऱ्या घराण्याचे गाणे ऐकू देत नसत. गळ्यावर भलता संस्कार होईल, ही त्यामागची काळजी होती आणि तीत तथ्यही होते. तबकडीमुळे मात्र किराणा घराण्यात शिकणाऱ्याला जयपूरची तान मित्राच्या घरी बसून ऐकता येऊ लागली. रसिकाने ध्वनिमुद्रिकेवर दाद द्यावी आणि वादकाने किंवा गायकाने तिच्यातून काही उचलावे, हा फरक तेव्हापासून स्पष्ट झाला, आणि पुण्यातील देवाणघेवाणीला तिचे वळण या दुसऱ्या प्रकारच्या ऐकण्याने दिले.

अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, विनाइल या प्लास्टिकची दीर्घवादन तबकडी (एलपी) बाजारात आणली. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावू लागल्याने आलाप, जोड आणि विलंबित गत यांना पुरेसा अवकाश मिळाला. १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांचे सरोदवादन अमेरिकेत अशा तबकडीवर निघाले. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांनी त्यात रागसंगीताचा परिचय करून दिला आहे आणि तबल्यावर चतुरलाल आहेत. भारतात एलपी रुळल्यावर पुण्यातील वादकांमध्ये देवाणघेवाणीला जोर आला, कारण एलपी महाग होती आणि प्रत्येकाने प्रत्येक तबकडी विकत घेणे शक्य नव्हते. मित्रांनी वेगवेगळ्या तबकड्या घ्यायच्या आणि त्या आपसांत फिरवायच्या, हाच शहाणपणाचा मार्ग होता.

या वादकांमध्ये दोन प्रवाह दिसतात. पहिला शास्त्रीय संगीताच्या विद्यार्थ्यांचा आणि साथीदारांचा, तर दुसरा चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्रांत वाजवणाऱ्यांचा. ऑर्केस्ट्रातील वादकाला गाण्याबरोबरच मुखडा आणि अंतरा यांच्या मधले पीस हवे असत. व्हायोलिन, अकॉर्डियन किंवा गिटार यांचे ते चार-आठ मात्रांचे तुकडे स्वरलिपीत उतरवण्यासाठी सुई पुन्हापुन्हा उचलून त्याच खाचेत टेकवावी लागे. त्यामुळे ऑर्केस्ट्रावाल्याकडून परत आलेली तबकडी ठरावीक जागी खरखरते, अशी तक्रार असायची, आणि ती बरीचशी खरी होती.

जुन्या चार वेगांच्या रेकॉर्ड प्लेअरचा येथे मोठा उपयोग होई. त्यांवर ७८, ४५ आणि ३३⅓ यांच्या जोडीला १६⅔ फेऱ्यांचाही वेग असे. एलपी या वेगावर लावली की लय बरोबर निम्मी होते आणि स्वर बरोबर एक सप्तक खाली येतो. म्हणजे सतारीच्या द्रुत तानेतला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो आणि तरीही षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, बदलत नाही, वाद्य पुन्हा मिळवावे लागत नाही. आज संगणकावर सहज होणारे हे काम तेव्हा एका खटक्याच्या बटणावर होत असे.

वेग आणि स्वर यांचा हा संबंध देवाणघेवाणीच्या बैठकीत आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या अनेक तबकड्या प्रत्यक्षात वेगळ्याच वेगाने मुद्रित झाल्या होत्या. समजा, मुद्रण सुमारे ७३.६ फेऱ्यांनी झाले असेल आणि तबकडी ७८ ने वाजवली, तर स्वर अर्ध्या स्वराने चढतो. पेटीच्या काळी एक या पट्टीत गायलेले गाणे पुढच्या पांढरी दोन या पट्टीत ऐकू येते, लय वाढते आणि गायकाच्या आवाजाचा पोतही पातळ होतो. सामान्य श्रोत्याला हे उमगणे कठीण असते. वादक मात्र शेजारी पेटी किंवा तानपुरा घेऊन बसलेला असतो. मागच्या सारंगीचा किंवा पेटीचा आवाज अनैसर्गिक वाटला की त्याला शंका येते, आणि मग वेग कमी-जास्त करून मूळ पट्टी शोधली जाते. हा प्रश्न जुन्या लाखेच्या तबकड्यांपुरता नाही. अमेरिकन जॅझ वादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या १९५९ च्या प्रसिद्ध एलपीची पहिली बाजू मुद्रणयंत्राच्या वेगातील दोषामुळे किंचित चढ्या स्वरात निघाली होती, आणि ती चूक १९९२ च्या पुनर्प्रकाशनात सुधारली गेली. या एलपीची जुनी आणि नवी प्रत दोन मित्रांकडे असेल, तर दोन्ही एकापाठोपाठ लावून पाहण्यासारख्या आहेत.

बैठकीचे स्वरूप साधे असते. सदाशिव, नारायण या पेठांतील जुनी घरे असोत, कोथरूडमधील सदनिका असो किंवा कॅम्पातील एखादी खोली, चार-पाच जणांहून अधिक माणसे सहसा नसतात. आलेला पाहुणा पिशवीतून तबकडी काढतो, पण लगेच लावत नाही. तळवे कडेला आणि बोटे मधल्या लेबलाखाली, अशी धरून ती दिव्याखाली तिरकी केली जाते. तिरक्या प्रकाशात वरवरच्या रेषा आणि खोल चिरा वेगळ्या ओळखू येतात. मग शेवटच्या खाचेनंतरच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला क्रमांक वाचला जातो, कारण एकाच ध्वनिमुद्रणाच्या वेगवेगळ्या काळातील प्रती त्यावरून कळतात. तबकडी वाजत असताना बोलायचे नाही, हा अलिखित दंडक आहे. समेवर मान हलते, एखाद्या जागेवर ‘वा’ निघून जाते, इतकेच. बाजू संपल्यावर चहाबरोबर चर्चा सुरू होते, सुई मागे नेऊन वादाची जागा पुन्हा ऐकली जाते आणि शेवटी कोणी काय नेले याची वहीत नोंद होते. उसनी दिलेली तबकडी तिसऱ्याला द्यायची नाही, आणि परत करताना काय ऐकले ते सांगायचे, हे संकेत पाळले जातात. माझ्या मते यांपैकी दुसरा संकेत अधिक मोलाचा आहे, कारण त्यामुळे घेणाऱ्याला खरोखर ऐकावे लागते.

नवे संगीत सापडण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग साथीदारांच्या नावांतून जातो. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या लेबलावर बहुधा मुख्य कलावंताचेच नाव असे. एलपीच्या वेष्टनाच्या मागील बाजूस मात्र साथीदार, राग, ताल आणि कधी विस्तृत टिपण छापले जाऊ लागले. याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९६७ मध्ये निघालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही एलपी. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला तिच्यात आहे. काश्मीरमधील मेंढपाळाचा एक दिवस अहीर भैरवापासून पहाडीपर्यंतच्या रागांतून उभा करण्याची ती कल्पना आहे. तिची निर्मिती जी. एन. जोशी यांनी केली. मराठी भावगीताच्या पहिल्या काळातील गायक म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले जोशी पुढे अनेक वर्षे एचएमव्ही या ध्वनिमुद्रिका कंपनीत ध्वनिमुद्रणाची जबाबदारी सांभाळत होते.

ही एलपी ऐकणारा बासरीवादक हरिप्रसादांसाठी ऐकतो. त्याच्या गिटारवादक मित्राचे लक्ष काबरांच्या मींडकामाकडे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाण्याकडे, जाते आणि तो काबरांच्या स्वतंत्र वादनाची तबकडी शोधू लागतो. काबरा हे अली अकबर खाँ यांचे शिष्य, म्हणून तिथून वाट सरोदाकडे वळते आणि १९५५ च्या त्या एलपीपर्यंत पोहोचते. तबलजी मात्र चतुरलाल यांच्या नावाशी थांबतो आणि त्यांची साथ आणखी कुठे आहे ते विचारतो. तबल्यातूनच दुसरी एक वाट पश्चिमेकडेही जाते. झाकिर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर, घटमवादक विक्कू विनायकराम आणि इंग्रज गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या ‘शक्ती’ या समूहाची पहिली एलपी १९७६ मध्ये आली. ती तबलजीने गिटारवाल्याला द्यावी आणि त्याने बदल्यात मॅकलॉफ्लिन यांच्या आधीच्या जॅझ-रॉक तबकड्या आणून द्याव्यात, यात नवल नाही. दुकानातील मांडणीत हिंदुस्थानी, कर्नाटक आणि जॅझ हे वेगवेगळ्या फळ्यांवर असतात. वादकांच्या ओळखीत मात्र ते एकमेकांना लागून येतात.

जाणकाराच्या शब्दावर ध्वनिमुद्रिका कुठवर पोहोचते, याचा एक दाखला तर पृथ्वीबाहेरचा आहे. १९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर अंतराळयानांसोबत धाडलेल्या सुवर्ण तबकडीत केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी तिची आग्रहाने शिफारस केली होती. तेव्हा ती बाजारात मिळत नव्हती, आणि न्यूयॉर्कमधील एका दुकानात मोठ्या शोधानंतर तिच्या प्रती सापडल्या.

पुण्यात जुन्या तबकड्या मिळण्याचे ठरलेले ठिकाण म्हणजे बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. तेथे पितळी भांडी, घड्याळे आणि यंत्रांचे सुटे भाग यांच्या शेजारी तबकड्यांचे ढीग मांडलेले असतात. ढिगात आडव्या रचल्याने खालच्या तबकड्या वाकतात, उन्हाने त्यांना बाक येतो, म्हणून घेताना तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून पाहावी. घरी त्या उभ्या ठेवाव्यात. पावसाळ्यात वेष्टनांना बुरशी धरते आणि ती खाचांतही उतरते, तेव्हा शुद्ध केलेले पाणी आणि मऊ कापड वापरून गोलाकार दिशेने पुसणे हा सुरक्षित उपाय आहे. विनाइलसाठी वापरले जाणारे अल्कोहोलयुक्त द्रावण लाखेच्या तबकडीला कधीही लावू नये, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि तबकडी कायमची नष्ट होते. दोहोंच्या सुयाही वेगळ्या असतात. ७८ च्या रुंद खाचेला लागणारी सुई एलपीच्या सुईच्या सुमारे तिप्पट जाड असते, आणि अदलाबदल झाली तर खाच तरी बिघडते, नाहीतर सुई तरी.

१९८० च्या दशकात कॅसेटचा प्रसार झाला आणि तबकड्यांचा बाजार मंदावला. पुण्यात अलूरकर म्युझिक हाउसने शास्त्रीय आणि सुगम संगीताच्या कॅसेट काढून मोठा श्रोतृवर्ग मिळवला. मित्राच्या एलपीवरून घरीच कॅसेट भरून घेणे शक्य झाल्याने देवाणघेवाण थांबली नाही, पण तबकडी परत करण्याची निकड वाढली आणि बसून ऐकणे कमी झाले. १९९० च्या दशकात कितीतरी घरांतील संग्रह रद्दीत गेले. त्याच सुमारास, १९९० मध्ये, मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली आणि जुन्या ध्वनिमुद्रणांची सूची, माहिती आणि श्रवणसत्रे यांना शिस्त आली.

गेल्या काही वर्षांत विनाइलकडे तरुण पुन्हा वळले आहेत. अमेरिकेत २०२२ मध्ये विनाइल तबकड्यांची विक्री नगसंख्येने सीडीच्या पुढे गेली, आणि असे १९८७ नंतर प्रथमच घडले. पुण्यातील नव्या वादकांच्या हाती आता नव्याने छापलेल्या एलपी आणि आजोबांच्या कपाटातील जुन्या प्रती अशा दोन्ही असतात. पुनर्प्रकाशित प्रत संगणकावरील मुद्रणावरून केली असेल, तर जुनी प्रत ऐकण्याचे कारण उरतेच. अर्थात जुनी म्हणून ती सरस असेलच असे नाही. बेसुमार वाजवलेल्या मूळ प्रतीपेक्षा चांगली नवी प्रत अभ्यासाला बरी.

प्रत्यक्ष तबकडी देणे-घेणे कायद्याला धरून आहे, पण तबकडी हाती आली म्हणजे तिच्यातील ध्वनिमुद्रणाचे हक्क मिळत नाहीत. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे या मुदतीबाहेरच्या जुन्या ७८ च्या तबकड्यांचे संगणकीय जतन अनेकांनी हाती घेतले आहे, आणि त्यात वादक मित्रांना मुख्यतः मूळ पट्टी ठरवण्यासाठी आणि लेबलावर न छापलेले साथीदार वाजवण्याच्या ढंगावरून ओळखण्यासाठी बोलावले जाते.