डॉजर्स धरून की डॉजर्स सोडून?

डॉजर्स ही अमेरिकेतली बेसबॉल टीम, मूळची न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनची, १९५८ पासून लॉस एंजेलिसची, १९६२ ला टेकडीवरचं स्टेडियम उघडलं, हे माहितीच असेल. घोळ सुरू होतो १९९८ पासून. त्या वर्षी जुन्या घराण्याने टीम, स्टेडियम, जमीन सगळं एका मीडिया कंपनीला ३१.१ कोटी डॉलरला विकलं. कंपनीचा डोळा मॅच दाखवायच्या हक्कांवर, टीम सांभाळण्यात तिला रस कधी नव्हताच. २००४ ला तिने ती ४३ कोटींना बोस्टनच्या एका बिल्डरला दिली, आणि या बिल्डरकडे रोकड फार नव्हतीच, बरीचशी खरेदी कर्जावर, त्यातलं काही कर्ज तर विकणाऱ्यानेच दिलेलं आणि तारण काय तर बोस्टनमधली पार्किंगची जागा! बेसबॉल लीगने याला मंजुरी कशी दिली हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी जोरात विचारला नाही, सगळे जागे झाले ते २००९ ला, हा बिल्डर आणि त्याची बायको वेगळे झाल्यावर.

कॅलिफोर्नियात लग्नानंतर कमावलेलं सहसा दोघांचं निम्मं निम्मं. म्हणून दोघांनी २००४ लाच करार करून ठेवला होता, घरं बायकोच्या नावावर आणि धंदा, म्हणजे धंद्याची जोखीम पण, नवऱ्याकडे, उद्या देणेकरी दारात आले तरी घरं वाचावीत म्हणून. कराराच्या सह्या केलेल्या प्रती सहा. कोर्टात त्या शेजारी शेजारी ठेवल्या तर तीन प्रतींमध्ये नवऱ्याची स्वतंत्र मालमत्ता 'डॉजर्स धरून' आणि तीनमध्ये 'डॉजर्स सोडून'. एका शब्दाचा फरक आणि अख्खी टीम इकडची तिकडे. नवऱ्याच्या बाजूचं म्हणणं, 'सोडून' ही टायपिंगची चूक, वकिलाने ती नंतर दुरुस्त केली. पण सही झालेल्या कागदाचं पान असं गुपचूप बदलतात का? सातबाऱ्यावर तलाठ्याने नाव फिरवलं तर आपण गप्प बसू का? डिसेंबर २०१० ला न्यायाधीशांनी करारच रद्द केला.

मग पैशाची ओढाताण. २०११ च्या पहिल्याच घरच्या मॅचनंतर पार्किंगमध्ये विरोधी टीमच्या फॅनला बेदम मारहाण झाली, सिक्युरिटीवरून बोंब उठली, एप्रिलमध्ये लीगने कारभार हातात घेतला. जूनमध्ये मालकाने सुमारे ३०० कोटींचा टीव्ही करार आणला, लीगच्या प्रमुखाने, म्हणजे कमिशनरने, फेटाळला, यातला बराच पैसा मालकाच्या खासगी गरजांकडे जाणार म्हणून. फेटाळणं बरोबरच होतं, फक्त हा शहाणपणा २००४ ला हवा होता. आठवड्याभरात टीमने दिवाळखोरीचा अर्ज केला. देणेकऱ्यांच्या यादीत टीम सोडून गेलेल्या एका बॅटरचेच जवळपास २.१ कोटी! त्या सीझनला प्रेक्षक ३५ लाखांवरून २९ लाखांवर.

बायकोने ऑक्टोबर २०११ ला १३.१ कोटींवर तडजोड केली आणि २०१२ ला टीम गेली २१५ कोटींना, म्हणजे तिने हात कधी चोळले ते सांगायला नको, तडजोड मोडायला परत कोर्टात गेली पण हरली. नव्या मालकांनी २०१३ ला २५ वर्षांचा ८०० कोटींच्या वरचा टीव्ही करार केला, त्यात केबल कंपन्यांचं भांडण लागून शहरातल्या बऱ्याच घरांत २०१४ ते २०२० मॅचच दिसल्या नाहीत, याबद्दल मात्र कोणी मालकांना फार झोडलं नाही कारण टीम जिंकत होती. २०२० ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं विजेतेपद, मग २०२४, २०२५.

जुना मालक पूर्ण गेलाच नाही. पार्किंगच्या जमिनीत त्याने अर्धा हिस्सा ठेवला, आणि २०१८ ला युनियन स्टेशन या शहरातल्या मुख्य रेल्वे स्टेशनपासून स्टेडियमपर्यंत रोपवेचा प्रस्ताव आला तोही त्याच्याच कंपनीकडून.